वज्रेश्वरी-गणेशपुरीला दोन रात्री: आई-बाबांना गरम कुंडावर न्यायचंय, कुठे उतरावं आणि काय जपावं?

पाथर्डीफाटा:
नाशिकहून आई-बाबांना घेऊन वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी या भागात दोन रात्री राहायचं ठरतंय. डिसेंबरचा दुसरा पंधरवडा, मधल्या वारी. आई ७१, दोन्ही गुडघे झिजलेले, जिना चढताना कठडा लागतो. बाबा ७६, बीपीची गोळी, रात्री इन्सुलिन, प्रोस्टेटचीही गोळी चालू आहे. दोघांचा हट्ट एकच, अंघोळ झऱ्याच्याच पाण्याने, गीझरच्या नको.

इंटरनेटवर रिसॉर्टचे फोटो भरपूर, पण सगळे निळ्या टाकीचे आणि घसरगुंड्यांचे. तेव्हा जाणकारांनी सांगा:
तीनपैकी कुठल्या गावात उतरावं? खोलीतल्या बाथरूममध्ये खरंच झऱ्याचं पाणी येतं का, आणि ते ओळखायचं कसं? सार्वजनिक कुंडात या वयात उतरवावं का? गाडी कसाऱ्यावरून न्यावी की जव्हारवरून? आणि नाशिकहून एवढ्याच अंतरावर याहून बरा पर्याय असेल तर तोही सांगा.

---

तानसाकाठ:
तिन्ही गावं तानसा नदीच्या काठाला, एकमेकांपासून दोन-तीन किलोमीटरच्या आत. म्हणजे एका गावात उतरून बाकीची दोन रिक्षाने होतात. तरी उतरायचं गाव नीट निवडा, कारण तिघांचा स्वभाव वेगळा आहे.

वज्रेश्वरी हे देवीचं गाव. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत नवस केला आणि १७३९ मध्ये वसई घेतल्यावर देऊळ बांधवलं, म्हणून त्याला किल्ल्यासारखं प्रवेशद्वार आणि वर नगारखाना. देवळाला ५२ पायऱ्या आहेत. आईंच्या गुडघ्यांना त्या एका दमात झेपणार नाहीत. चढायच्याच असतील तर दर दहा-बारा पायऱ्यांना थांबत, कठड्याच्या बाजूने, आणि अंघोळीच्या आधी. गरम पाण्यातून निघाल्यावर तासभर तरी जिन्याचं नाव काढू नका. या गावात लॉज आणि रिसॉर्ट सगळ्यात जास्त, आवाजही जास्त. मुंबई, वसई-विरारची मंडळी सहलीला येतात ती इथेच.

अकलोली म्हणजे कुंडांचं गाव. रामेश्वराच्या देवळाला लागून आणि नदीकाठाला सिमेंटचे हौद बांधलेले आहेत, एकातून दुसऱ्यात पाणी जातं. पहिला हौद सगळ्यात गरम, पुढचे निवत जातात. माहीत नसलेला माणूस रिकामा दिसतो म्हणून थेट पहिल्या हौदात पाय घालतो. तो रिकामा असतो, कारण त्यात कुणाला बसवत नाही.

गणेशपुरी त्यातल्या त्यात शांत. भीमेश्वर महादेवाचं देऊळ, त्याला लागून कुंडं, आणि जवळच नित्यानंद बाबांचं समाधिमंदिर. बाबा १९३० च्या दशकात या भागात आले, ८ ऑगस्ट १९६१ ला समाधिस्थ झाले. त्यांच्यामुळे दक्षिणेकडचे भक्त येतात, म्हणून सकाळी इडली-डोसा सहज मिळतो. पथ्याच्या माणसाला ते सोयीचं. राहायला भक्तनिवास आणि साधे लॉज. गुरुदेव सिद्धपीठाचं मोठं आवार रस्त्यावरून दिसतं, पण ते साधकांसाठी आहे, तिथे पर्यटक म्हणून खोली मागायला जाऊ नका.

तुमच्या दोघांसाठी माझं मत गणेशपुरी. रिसॉर्टमधलं निळं पाणी बहुतेक ठिकाणी क्लोरीन घातलेलं साधं पाणी असतं, पोरांसाठी. त्यासाठी पैसे मोजायचं कारण नाही.

तारखेचं एक. 'दुसरा पंधरवडा' म्हणालात, पण २४ डिसेंबर ते १ जानेवारी हा मधला वारसुद्धा रविवारासारखा असतो. १५ ते २० च्या आत उरका.

---

घोटीकर:
रस्त्याचं सांगतो.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. त्यामुळे वयस्क माणसं बरोबर असतील तर कसारा घाट चढवण्या-उतरवण्याचं कारणच उरलं नाही. घोटी-इगतपुरीच्या बाजूने समृद्धीवर चढा, इगतपुरीजवळचा जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा लागतो, मग शहापूर मागे टाकून भिवंडीजवळ आमण्याला उतरा. तिथून भिवंडी-वाडा रस्ता धरायचा, अंबाडी नाक्याला वळायचं, पुढे वज्रेश्वरी. एकूण दीडशे किलोमीटरच्या घरात. फास्टॅगमध्ये पैसे आधीच भरून ठेवा. लघवीची गोळी घेणारं माणूस गाडीत असेल तर घोटीला पाच मिनिटं थांबून मगच वर चढा, मनात आलं तिथे थांबायची सोय त्या रस्त्यावर नाही. दुचाकी तिथे चालत नाही, हे दुसऱ्या वाचकांसाठी.

खरा त्रास शेवटच्या पट्ट्यात. भिवंडी-वाडा रस्त्यावर गोदामांचे कंटेनर आणि खड्डे दोन्ही भरपूर. गुडघ्याच्या माणसाला मागच्या सीटवर मधोमध बसवू नका. पुढची सीट पूर्ण मागे घेऊन पाय लांब करता येतील असं बसवा. सकाळी सहा-साडेसहाला नाशिक सोडलंत तर दहाच्या आत पोहोचता. दुपारनंतर निघालात की भिवंडीच्या ट्रकांत सापडलात म्हणून समजा. नकाशा पडघ्याच्या आसपासहून आत शिरणारे जवळचे रस्ते दाखवतो. चार-पाच किलोमीटर वाचवायला अरुंद रस्त्यावर म्हातारी माणसं हलवत नेऊ नयेत.

त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, वाडा हा रस्ता देखणा आहे, पण वळणांचा. गाडी लागणाऱ्याला नको. घाईची वेळ आली तर मोठं हॉस्पिटलही त्या वाटेवर हाताशी नाही.

रेल्वेने जायचं तर नाशिकरोडहून कल्याण आणि पुढे गाडी ठरवून. एसटीने बदलत जाणं या वयात नको.

---

भूजलवाला:
खोलीतलं पाणी झऱ्याचं आहे की बॉयलरचं, हा प्रश्न बरोबर विचारलात. त्याआधी झरा तापतो कसा ते थोडक्यात, म्हणजे ओळखायचं कसं ते आपोआप कळेल.

इथे ज्वालामुखी वगैरे काही नाही. दख्खनचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, त्याची ऊब कधीच निवाली. पावसाचं पाणी खडकातल्या खोल भेगांतून खाली जातं, जमिनीच्या पोटातल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेने लवकर वर येतं. लवकर येतं म्हणून वाटेत निवत नाही. पालघर-ठाण्यापासून खाली राजापूरपर्यंत सह्याद्रीच्या पायथ्याला असे झरे एका रांगेत आहेत, तापमान ३४ पासून ७१ अंशांपर्यंत. गणेशपुरी-अकलोलीचे पन्नाशीच्या आसपास. इतक्या खालून आल्यामुळे पाण्यात क्षार जास्त, थोडा हायड्रोजन सल्फाइड, म्हणून तो उकडलेल्या अंड्यासारखा वास.

आता खूण. झऱ्याचं पाणी चोवीस तास एकाच तापमानाचं असतं. पहाटे पाचला आणि दुपारी तीनला हौदाच्या तोंडाशी थर्मामीटर सारखाच आकडा दाखवेल. बॉयलरचं पाणी सकाळी कडकडीत आणि दुपारी कोमट. दुसरी खूण, नळाच्या तोटीला आणि फरशीच्या सांध्यांना पांढरट थर बसलेला असतो, साबणाला फेस कमी येतो. तिसरी, चांदी. जोडवं किंवा पैंजण घालून उतरलं की काळं पडतं, कारण चांदीवर सल्फाइडचा थर धरतो. (दागिने खोलीतच काढून ठेवा. काळी पडलेली चांदी सोनार उजळून देतो, पण देवाच्या गावी आल्याआल्या आई हिरमुसायला नको.)

काही लॉजवाल्यांची स्वतःची गरम पाण्याची बोअर असते, ते खरंच झऱ्याचंच पाणी. पण ते पंपावर चढतं. वीज गेली की पाणी गेलं. आणि वरच्या टाकीत साठवलं की निवतं, मग मालक त्यात बॉयलरची भर घालतो. म्हणून फोनवर 'गरम पाणी आहे का' असं विचारूच नका, सगळे हो म्हणतात. असं विचारा: पाणी बोअरचं की कुंडाच्या लाइनचं? टाकीत साठवता की थेट सोडता? थंड पाण्याचा वेगळा नळ त्याच बाथरूममध्ये आहे का? दुपारी दोनला गरम येतं का? जनरेटरवर पंप चालतो का? शेवटच्या प्रश्नाला माणूस चाचरला तर समजून घ्या.

थंड पाण्याचा नळ हा सगळ्यात महत्त्वाचा. पन्नास अंशांचं पाणी आणि मिसळायला काही नाही, अशी बाथरूम म्हाताऱ्या माणसाला धोक्याची.

---

कॉलेजरोड_फिजिओ:
वरचं शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात लिहून बाथरूमच्या दाराला लावा. बावन्न अंशांच्या पाण्याने धडधाकट माणसाची कातडी दोनेक मिनिटांत भाजते. वयस्क माणसाची कातडी पातळ, त्याला त्याहून कमी वेळ पुरतो. आणि तुमच्या बाबांना मधुमेह आहे. पायाची संवेदना कमी झाली असेल तर 'छान कोमट आहे' म्हणत ते पाय बुडवून बसतील आणि संध्याकाळी फोड दिसतील. मधुमेही माणसाने पाण्याचा अंदाज पायाने कधीच घ्यायचा नाही. कोपराने घ्यायचा, त्याहून बरं म्हणजे थर्मामीटर. स्वयंपाकघरातला सळईचा डिजिटल थर्मामीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो, तो घ्या. तापाचा चालणार नाही, त्याची मजल ४२-४३ अंशांपर्यंतच.

पाणी ४० अंशांच्या वर नको, बाबांसाठी ३८ बरं. पहिल्या दिवशी पाच ते सात मिनिटं, दुसऱ्या दिवशी जास्तीत जास्त दहा. अर्धा तास डुंबून जास्त गुण येतो ही समजूत खोटी आहे. दहा मिनिटांत स्नायू सैल होतात, सांध्याचा आखडलेपणा कमी होतो, पुढचा वेळ फक्त बीपी उतरवण्यात जातो.

बीपीचंच खरं भय. गरम पाण्याने रक्तवाहिन्या पसरतात, दाब खाली येतो. त्यात बीपीची गोळी तेच करते आणि प्रोस्टेटची काही औषधंही (टॅम्सुलोसिनसारखी) तेच करतात. तिघं एकत्र आले की माणूस पाण्यात ठीक असतो आणि उठून उभा राहताच डोळ्यांसमोर अंधारी येते. कुंडावरचे अपघात बुडून कमी, बाहेर पडताना पायरीवर कोसळून जास्त. म्हणून क्रम असा ठेवा. आधी काठावर बसून पायांवर पाणी, मग गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. छातीच्या वर पाणी नको. निघताना आधी दोन मिनिटं कमरेपर्यंतच्या पाण्यात बसायचं, पोटऱ्या ताणायच्या-सोडायच्या, मग कठडा धरून उठायचं आणि लगेच खुर्चीवर बसायचं. पंचा गुंडाळून दहा मिनिटं, एक भांडं पाणी प्यायला द्या. मगच कपडे. कपडे करताना एका पायावर उभं राहू देऊ नका, हे नेहमी विसरलं जातं.

उपाशीपोटी नको आणि जेवून लगेचही नको. नाश्त्यानंतर दीड तास ही चांगली वेळ. देवाचं स्नान पहाटे उपाशीच करायचं असा आग्रह असेल तर खोलीत तांब्याने अंगावर घेऊ द्या, कुंडात बसणं नंतर. इन्सुलिन टोचलेल्या जागेला ऊब लागली की ते भराभर शोषलं जातं आणि साखर घसरते. बाबांचं रात्रीचं आहे, म्हणजे संध्याकाळची अंघोळ इन्सुलिनच्या आधी आणि जेवणाच्या आधी उरकायची, टोचल्यानंतर गरम पाणी नाही. खिशात ग्लुकोजची पुडी असू द्या. गोळ्यांच्या वेळा स्वतःच्या मनाने बदलू नका, निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना 'गरम पाण्यात बसणार आहेत' एवढं सांगून विचारून घ्या.

आईंचे गुडघे झिजेचे असतील तर ऊब मानवते. मात्र गुडघा सुजलेला, लाल आणि हाताला गरम लागत असेल त्या दिवशी नाही, सूज वाढते. पायावर उघडी जखम, चिरलेली टाच, पोटरीला एका बाजूची सूज, ताप, यातलं काहीही असेल तर दोघांनाही नाही.

---

पाथर्डीफाटा:
सगळ्यांचे आभार, हे फारच उपयोगी. दोन शंका.
एक, थंड नळ असेल तर मिसळायचं प्रमाण काय? प्रत्येक वेळी अंदाजपंचे नको.
दोन, सार्वजनिक कुंड पूर्ण टाळायचं का? आईला भीमेश्वराच्या कुंडाचंच पाणी हवंय.

---

भूजलवाला:
प्रमाण सोपं आहे. डिसेंबरात तिकडचं साधं पाणी साधारण २६ अंश धरा. गरम पाणी ४५ अंशांचं असेल तर तीन तांबे गरम, एक थंड. ५० चं असेल तर तीन गरम, दोन थंड. ५५ चं असेल तर निम्मं-निम्मं. तिन्ही वेळा चाळीसच्या आसपास येतं. बाबांसाठी वरून आणखी एक-दोन तांबे थंड घाला आणि थर्मामीटर बघा. बादलीत थंड आधी, गरम नंतर. उलट केलं आणि मधेच कुणी हात घातला की भाजला. आणि थर्मामीटर घालण्याआधी ढवळा, गरम पाणी वर तरंगतं, तळाचा आणि वरचा आकडा वेगळा येतो.

---

तानसाकाठ:
सार्वजनिक कुंड टाळायचं की नाही हे कुंडावर उभं राहून ठरवा, नाशिकहून नाही.

उभं राहिल्यावर तीन गोष्टी बघायच्या. हौदाची शेवटची पायरी दिसते का? पाणी गढूळ असेल आणि तळ दिसत नसेल तर धडधाकट माणूसही उतरवू नये, मग ते पाणी कितीही पवित्र असो. दुसरं, पाणी आत येताना आणि बाहेर जाताना दिसतंय का? येतंय पण जाणारं पाणी मंद आहे, काठाला तेलकट तवंग आणि निर्माल्य थबकलंय, म्हणजे तो हौद सकाळपासून तुंबलेला. वाहता हौद स्वतःला धुऊन काढतो. तिसरं, गर्दी. दहाजण मावतील अशा हौदात पंचवीसजण असतील तर परत फिरा.

पहाटे जाणं सगळ्यात चांगलं: रात्रभर माणूस उतरलेला नसतो, आवकही चालूच असते. पण फिजिओ म्हणतात तसं पहाटे उपाशीपोटी बसवू नका. मग मधला रस्ता असा की पहाटे तुम्ही जा, स्वच्छ झाकणाच्या दोन बादल्या किंवा कॅन कुंडात जिथे पाणी येतं तिथून भरून खोलीत आणा, आणि नाश्त्यानंतर आईंना खुर्चीवर बसवून त्याच पाण्याने अंघोळ घाला. कुंडाचं पाणी मिळालं, पायऱ्या टळल्या. तोवर ते दहा-बारा अंश निवलेलं असेल, तरी आधी मोजा. कॅन जाड प्लास्टिकचा घ्या, पाण्याच्या बाटल्या गरम पाण्याने आकसतात आणि उचलताना हातात वाकतात.

कुंडातच उतरायचं असेल तर बायकांची आणि पुरुषांची जागा वेगळी असते, आईंसोबत घरातली बाई हवीच. पायऱ्यांवर शेवाळ असतं, साध्या स्लिपर पाण्यात तरंगून निघून जातात. मागून पट्टा असलेली रबरी सॅंडल घाला. सुती गाऊन किंवा जुनी गडद साडी, कारण क्षारांचे डाग पांढऱ्या कपड्यावरून जात नाहीत. साबण, शाम्पू, तेल कुंडात अजिबात नाही. ते बाहेरच्या नळावर. नियम लिहिलेला असतो, पाळणारे थोडे. तुम्ही तरी पाळा.

---

कॉलेजरोड_फिजिओ:
कुंडाबाबत एक पुरवणी, हिच्याकडे दुर्लक्ष होतं. डोकं बुडवायचं नाही. कोमट, गोड्या पाण्यात एक अमीबा वाढू शकतो, नेग्लेरिया फाउलेरी. तो पिऊन काही होत नाही, पण पाणी जोरात नाकात गेलं तर मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. हा आजार अगदी दुर्मीळ आहे, पण बहुतेकांचा जीव घेतो. पन्नास अंशांच्या तोंडाशी तो तग धरत नाही, पुढच्या निवलेल्या हौदांत धरू शकतो. म्हणजे ज्या हौदात बसायला सोसतं नेमका तोच. त्यामुळे बुडी मारणं, नाक धरून डुबकी, जलनेती, काहीही नाही. डोक्यावर पाणी घ्यायचंच तर खोलीत, उकळून निववलेलं. नातवंडं बरोबर असतील तर हे त्यांना आधी सांगा, उड्या तीच मारतात.

ते पाणी तीर्थ म्हणून घोटभर प्यायची पद्धत आहे. हात लावून कपाळाला लावा, पिऊ नका. त्यात क्षार आहेत आणि वर कितीजण आंघोळ करून गेलेत ते मोजलेलं नाही.

त्वचेचा जुना आजार बरा होतो असं जे सांगतात त्याला पुरावा द्या म्हणावं. एक्झिमावाल्याची कातडी उलट कोरडी पडते. अंघोळीनंतर साध्या पाण्याने अंग धुऊन खोबरेल लावणं एवढं सगळ्यांनीच करावं.

---

हरसूलवाट:
पर्यायाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. नाशिककराला गुजरातेतलं उनाई जवळजवळ तेवढ्याच अंतरावर आहे. दिंडोरी, वणी, सापुतारा, वघई, उनाई. भिवंडीचे कंटेनर नाहीत. नवसारी जिल्ह्यात, वांसदा तालुक्यात, उनाई मातेच्या देवळाला लागूनच गरम कुंड. कथा रामायणाची, शरभंग ऋषींचा कोड घालवायला रामाने बाण मारून गरम पाणी काढलं, अशी. जत्रा चैत्री पौर्णिमेला, तेव्हा जाऊ नये.

उनाई स्टेशनावरून बिलिमोरा-वघई ही छोट्या रुळांची गाडी जाते, बडोद्याच्या गायकवाडांनी घातलेली. रूळ ७६२ मिलिमीटरचे. म्हाताऱ्या माणसांना ती नुसती बघायलाही आवडते.

राहायला मुक्काम सापुताऱ्याला किंवा वघईच्या बाजूला करून उनाईला दिवसाचं जाऊन येता येतं. पण मग 'खोलीत झऱ्याचं पाणी' हा हट्ट बाजूला ठेवावा लागेल. आणि सापुतारा घाट वळणाचा आहे, वणीपर्यंत नाश्ता हलका ठेवा. डिसेंबरात सापुताऱ्याला थंडी चांगलीच असते; गरम कुंडातून निघून थंड वाऱ्यात बाबांना गाडीच्या काचा उघड्या ठेवून नेऊ नका.

जळगावकडचं, चोपडा तालुक्यातलं अडावदजवळचं उनपदेवही चांगलं, गोमुखातून गरम पाणी पडतं, डोक्यावर धार घ्यायची नाही एवढं पाळलं तर म्हाताऱ्यांना ते पाणी खांद्यावर घ्यायला सोपं. पण नाशिकहून फार लांब. त्या बाजूला काम असेल तरच.

---

घोटीकर:
उनाई चांगलं हे मान्य, पण दोन रात्री राहून रोज कुंडाचं पाणी हवं असेल तर गणेशपुरीच. एका दिवसाचं असेल तर उनाई.

पावसाळ्याचंही लिहून ठेवतो, कुणीतरी जुलैत हा धागा वाचणारच. तानसा धरण वरच्या अंगाला, मुंबईला पाणी देणारं. ते भरून वाहू लागलं की खालच्या गावांना इशारा देतात. नदीकाठचे हौद तेव्हा पुराच्या पाण्याखाली जातात, चिखल भरतो, आणि पूर ओसरल्यावरही काही दिवस त्यात काय आलंय ते सांगता येत नाही. पावसात फक्त देवळाजवळची उंचावरची कुंडं, नदीच्या पात्रात पाय नाही.

---

तानसाकाठ:
बुकिंगचं राहिलं. खोली तळमजल्याची मागा, लिफ्ट असली तरी, वीज जाते. कमोड आहे का हे विचारा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर बाथरूमचा फोटो नव्हे, व्हिडिओ मागवा, गरम नळ सोडलेला. फोटो उद्घाटनाच्या दिवसाचे असतात. पैसे एका रात्रीचेच आधी द्या. पहिल्या दिवशी पाणी निवलेलं निघालं तर दुसऱ्या रात्री गाव बदलता येतं. आधार कार्डं दोघांचीही लागतात, झेरॉक्स बरोबर ठेवा.

भक्तनिवासात स्वस्त पडतं, पण रात्री दार लवकर बंद होतं, पलंग कडक असतात आणि बाथरूमला धरायला दांडी सहसा नसते. एक प्लास्टिकची खुर्ची आणि रबरी चटई गाडीत टाकून न्या. त्या दोन वस्तूंनी कुठलीही बाथरूम अर्धीअधिक सुरक्षित होते. खुर्ची हाताची घ्या, बिनहाताची नको, उठताना आधार हाताचाच लागतो. पायांना खाली रबर आहे ना ते बघा, नाहीतर ओल्या फरशीवर खुर्चीच घसरते.

---

पाथर्डीफाटा:
ठरलं मग. १६ आणि १७ डिसेंबर, गणेशपुरी, समृद्धीने. थर्मामीटर, खुर्ची, चटई, दोन कॅन यादीत घातले. बाबांच्या डॉक्टरांची वेळ शुक्रवारची घेतली आहे. एकच राहिलं: बाबा बाथरूमची कडी आतून लावल्याशिवाय अंघोळ करत नाहीत, ऐकतच नाहीत.

---

कॉलेजरोड_फिजिओ:
कडी लावू देऊ नका. दाराला आतून पंचा अडकवा, म्हणजे दार लोटलेलं राहतं आणि बाहेरून उघडता येतं. बाहेर तुम्ही बसा आणि दर दोन मिनिटांनी काहीतरी विचारा, क्रिकेटचा स्कोअरसुद्धा चालेल. उत्तर उशिरा आलं किंवा तुटक आलं की आत जायचं, आधी गरम नळ बंद, मग त्यांना तिथेच खाली आडवं करून पाय वर. उभं करून खोलीत न्यायची घाई करू नका.